अजगराचा आवाज

मला अजगर व्हायचं होतं. पन्नाशीतल्या शाळेच्या बाईंनी असं लिहिणं शोभत नाही, पण खरं तेच आहे.

माझी लेक ॲनिमेशन शिकते. भिसेगावातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर टॅबलेट मांडून तिनं एक छोटी कार्टून फिल्म बनवली. रानात चुकलेली एक ससुली आणि तिला गिळायला टपलेला अजगर, एवढीच गोष्ट. ससुलीचा आवाज तिच्या मैत्रिणीनं दिला होता. अजगर अजून मुका होता, आणि लेकीनं तो इतका देखणा काढला होता की मी बघताक्षणी भाळले. गॅदरिंगमध्ये परी, सासरी गुणी, शाळेत समजूतदार, असं सगळं आयुष्य गेलं माझं. एकदा तरी कुणाला तरी गिळावं असं फार वाटत होतं.

"आवाज मी देते," मी म्हटलं.

"बघू," लेक म्हणाली. "वरचे काकापण मागे लागलेत."

वरच्या मजल्यावरचे हे काका तरुणपणी जत्रेच्या नाटकात खलनायक करत. अजूनही जिन्यात भेटले की "काय, बाजार का?" एवढंच विचारतात, पण असं की आपण पिशवीत प्रेत नेतोय असं वाटावं. अशा माणसाशी गाठ. मी पदर खोचला आणि बाथरूममध्ये नळ सोडून गडगडाटी हसण्याचा रियाज सुरू केला. पहिल्या दिवशी नवऱ्यानं दार ठोठावून विचारलं, "पडलीस का गं?" दुसऱ्या दिवशी शेजारीण ओव्याची पुडी घेऊन आली. घसा बसला तो वेगळाच.

लेकीनं माझी सगळी रेकॉर्डिंग्ज शांतपणे ऐकली. "आई, तू आठवी ब ला गप्प बसवतेयस," ती म्हणाली. "तो रागावलेला नाहीये गं. त्याला भूक लागलीय. उद्या रात्रीपर्यंत नाही जमलं तर मी काकांना सांगणार."

मी फुरंगटून कळंबला आईकडे निघून गेले. संध्याकाळ होत आली होती. आई अंगणात मूठभर कण्या घेऊन कोंबड्यांना खुराड्यात बोलावत होती. तिची एक लाडकी तांबडी कोंबडी तेवढी मागे रेंगाळली होती.

"ये गं माझी सोनी," आई म्हणाली. "कुटं फिरत होतीस दिवसभर? दमलीस ना गं? ये, बस जवळ."

तांबडी तुरुतुरु आली आणि थेट आईच्या मांडीत बसली. आईनं तिच्या मानेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्याच आवाजात, तिच्याकडेच बघत, मला म्हणाली, "अंडी बंद झाली हिची. उद्या हिचंच कालवण करू. तुला तंगडी आवडते नं?"

माझ्या अंगावर काटा आला. मग मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. काकांनी आयुष्यभर डोळे वटारले, मी आठवडाभर नरडं फोडलं, आणि खरी चीज इथं माझ्या माहेरी, कण्या टाकत बसलेली. दुसऱ्या दिवशी कालवण मी दोनदा मागून घेतलं. लाज वाटायला हवी होती, पण ते झालंच होतं तसं.

त्याच रात्री मी अजगराचा आवाज दिला, एका दमात. लेकीनं हेडफोन काढला आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "काकांना मी समजावते," ती म्हणाली.

फिल्म पुरी झाली तेव्हा आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये चादर बांधून ती दाखवली. सतरंजीवर मुलं, मागं मोठी माणसं, आणि पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून काका. मुलं हसली असती तर काका मला जिन्यात जगू देणार नव्हते.

पडद्यावर ससुली रडत होती. फांदीवरून अजगर सावकाश खाली आला. "ये गं माझी सोनी. दमलीस ना गं? ये, बस जवळ."

कुणीच हसलं नाही. तळमजल्यावरची चिमुरडी, नुकतीच चालायला लागलेली, सतरंजीवरून उठली आणि दोन्ही हात पसरून पडद्याकडे निघाली. "जाऊ नको गं!" म्हणून बाकीची मुलं ओरडायला लागली. ती गेलीच, आणि चादरीला गाल लावून उभी राहिली. तिच्या आईनं धावत जाऊन तिला उचललं, तेव्हा तिनं भोकाड पसरलं, ते अजगरासाठी. काकांनी मागं वळून मला हात जोडले. मला इतका आनंद झाला की मी चारचौघांत नाचायची तेवढी राहिले.

घरी येऊन आधी आईला फोन लावला. तुझाच आवाज चोरला म्हणून सगळं सांगितलं, चिमुरडीचंही सांगितलं.

"पण मी कोंबडीला फसवत नाय गं," आई म्हणाली. "माझा जीव असतो तिच्यावर. खरंच असतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, रविवारी जेवायला ये, सोने," आई म्हणाली. "दमली असशील."

हो म्हणायला मला जरा वेळ लागला.