रविवारचा चमचा

दर रविवारी सकाळी दहाला देस्ली हॅनरहन कॉफीचा जुना डबा उघडायची आणि त्यातला एक चमचाभर नवरा काचेच्या टाकीत सोडायची. ऐकून अंगावर काटा आला ना? तिच्या नाही यायचा. ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सव्हिलच्या उकाड्यात, मागच्या पडवीत, चारशे लिटर खाऱ्या पाण्यासमोर उभी राहून ती म्हणायची, "चल लाइल, उतर खाली." राखेचा करडा ढग निळ्या दिव्यांत थोडा वेळ तरंगायचा आणि मग वाळूवर बसायचा.

बरं, तिला नावं तरी कोणत्या तोंडानं ठेवायची? लाइलनं उभा जन्म समुद्रात बुड्या मारून प्रवाळ काढलं, परवाना घेऊन, रीतसर. हॉस्पिटलात नाकात नळ्या असताना त्यानं दोनच गोष्टी मागितल्या. मला रीफवर, समुद्रातल्या त्या प्रवाळांच्या रांगेवर, नेऊन सोड. आणि टॉर्च मरू देऊ नकोस. टॉर्च म्हणजे टाकीच्या मधोमध बसलेलं प्रवाळ, सात तोंडांचं, प्रत्येक तोंडाला सोनेरी टोकांची लांब लांब बोटं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यानं ते तिच्यासाठी आणलं होतं. टाक्या पाळणारे लोक प्रवाळाचे तुकडे कापून एकमेकांना देतात. एकाकडचं मेलं तरी दुसऱ्याकडचं जगतं. याचा तुकडा मात्र लाइलनं कुणालाच दिला नाही. "हे देसचं आहे," म्हणायचा, विषय संपला.

आता देस्लीचं असं, की बोट धक्क्याला बांधलेली असली तरी तिच्या पोटात ढवळायचं. तिनं विचार केला, रीफ तर आपल्या घरातच आहे. एका चमच्यात दोन्ही शब्द पाळले जातील.

आणि लाइल आला की हो! महिन्याभरात टाकीखालचा पंप खोकायला लागला. हुबेहूब त्याच्यासारखा. दोनदा खर्र खर्र, मग जरा दम, मग एकदा. देस्ली भांडी घासता घासता ओरडायची, "पाणी पी जरा!" आणि स्वतःच दचकून पडवीकडे बघायची. भीती वाटायची, खोटं कशाला बोला. पण त्या भीतीत सोबत होती. तिनं रेडिओ लावणं सोडून दिलं.

आठव्या महिन्यात टॉर्चचं एक तोंड मिटलं ते उघडेचना. मांस सुटून खाली पांढरं हाड दिसायला लागलं. पंधरा दिवसांत दुसऱ्यावर तपकिरी बुळबुळीत चिकटा आला. तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं आणि तिनं एलियाला फोन केला.

एलिया हा टॉरेस नावाच्या सामुद्रधुनीतल्या बेटावरचा. लाइलच्या बोटीवर दहा वर्षं बुड्या मारलेला, आता तीच बोट चालवणारा, पंचेचाळिशीचा गडी. आल्या आल्या त्यानं टाकीला नाक लावलं.

"आंटी, वास मारतोय. काय लाड केलेस हिचे?"

"लाड कसले रे. आधी बघ, मग अक्कल शिकव."

त्यानं छोट्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं. पाणी निळंशार झालं. त्यानं रंगांची पट्टी शेजारी धरली. पट्टीवरचा शेवटचा रंगसुद्धा त्यापुढे फिका होता.

"बापरे! एवढं फॉस्फेट? खायला काय घालतेस?"

"कोळंबी. आठवड्यातून दोनदा."

"आणखी?"

"आणखी काय घालणार?"

"आंटी, तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. लाइल नेहमी सांगायचा."

देस्लीनं दोन्ही कान झाकून घेतले. मग आत गेली आणि तो डबा आणून त्याच्या हातात ठेवला. एलियानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.  पंप तेवढा खोकला.

"हाडांची राख आहे, आंटी," तो हळूच म्हणाला. "तिच्यात फॉस्फेटच असतं. वाळूत बसून थोडं थोडं विरघळतंय. तेच टॉर्चला बाधलंय."

"म्हणजे लाइलच टॉर्चला मारतोय?"

एलियानं डब्याचं झाकण लावलं. "आमच्याकडे माणूस गेला की वर्षा-दोन वर्षांनी थडग्यावरच्या दगडावरचं कापड काढतात. जेवणं होतात, नाच होतो. मग त्याला जाऊ देतात. तू तर त्याला कोंडून ठेवलंस."

"तुला काय जातंय बोलायला!" देस्ली ताडकन म्हणाली. "तुझ्या घरी माणसं आहेत!" आणि मग तिला रडू आलं ते आवरेना. एलिया शेजारी नुसता उभा राहिला. भला माणूस. रडून झाल्यावर तिनंच वाळू उपसायची लांब नळी उचलली. "सांग, कुठून ओढायचं?"

एलियानं दोन मेलेली तोंडं कापून काढली, उरलेली पाच आयोडीनच्या पाण्यात बुडवून घेतली. देस्लीनं कोपऱ्या-कोपऱ्यातून वाळू ओढून काढली. सहा बादल्या गढूळ पाणी निघालं.

"समुद्रात ओतूया का रे?" तिनं हळूच विचारलं.

"टाकीचं पाणी समुद्रात? टाकीतले रोग रीफला लावायचे? याच्यावरून लाइलनं माझी सालटी काढली होती."

तेही खरंच. लाइल स्वतः हे पाणी गाडीच्या वाटेवर ओतायचा, फरशीच्या फटीतलं गवत जाळायला. देस्लीनं तिथंच ओतलं. सहाही बादल्या तिनं स्वतः उचलल्या, एलियाला हात लावू दिला नाही. ऊन कडक होतं. बघता बघता फरशीवर पांढरा डाग उरला. तेव्हापासून ती गाडी रस्त्यावरच लावते.

ती परत आली तेव्हा एलिया पंप पुसून जागेवर बसवत होता. "चाकात कच अडकली होती. स्वच्छ केलं. आता आवाज नाही करणार."

देस्लीनं रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या. म्हणजे खोकलाही गेला.

तीन आठवड्यांनी टॉर्च फुलला. पाचही तोंडं, सोनेरी बोटं पार काचेपर्यंत. लाइल असतानाही तो इतका सुंदर दिसला नसेल. देस्ली समोर बसून राहिली. मग खाली वाकून तिनं पंपाला कान लावला. एकसारखी घरघर, बाकी काही नाही.

"लाइल?" तिनं हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली.

रविवार होता, दहा वाजत आले होते. डबा अजून अर्धा भरलेला होता आणि चमचा तिच्या हातात कधी आला तिचं तिलाच कळलं नाही. तिनं तो टेबलावर ठेवला आणि फोन उचलला.

"एलिया, बोट आज काढ, लाइलला रीफवर सोडून येऊ. आत्ताच्या आत्ता. उलट्या झाल्या तर होऊ देत. मी घरात राहिले ना, तर पुन्हा घालीन रे."