मावशींच्या लेकीचं नाव

आत्ताच्या आत्ता सांगायचंय, बुटांचा चिखलसुद्धा अजून धुतलेला नाही!

आज आम्ही कळसूबाई चढत होतो. पहिल्या लोखंडी शिडीपाशी एक मावशी गुडघे धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, माझ्याच्यानं पुढं होईना. एवढी ओटी देवीला वाहशील? लेकीला दिवस गेलेत, आधीची दोन्ही बाळं राहिली नाहीत. तिचं नाव घे."

"घेते की!" म्हणत मी खण-नारळ सॅकमध्ये टाकून सुटलेच.

आम्ही जातो ते महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक म्हणून, फोटोसाठी. मावशींसाठी मात्र तिथे त्यांचं हक्काचं माणूस बसलंय. ही देवी, कळसू, म्हणे आधी कुणाच्या तरी घरी राबणारी पोर होती, कामावरून बिनसलं आणि डोंगरावर निघून आली. तिलाच लेकीबाळींचं सांगावंसं वाटणार ना!

देवळात ओटी ठेवली, हात जोडले आणि लक्षात आलं, नाव विचारलंच नाही! मावशींचा नंबरही नाही. मागून मैत्रीण ओरडतेय, "आटप गं, लाइन थांबलीये!" शेवटी पुटपुटले, "शिडीपाशी बसल्यात ना, त्यांची लेक."

खाली आले तर मावशी तिथेच. "घेतलंस ना नाव?"

मी मान डोलावली. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आता कुठल्या तोंडाने विचारणार, की नाव काय हो तिचं?

तुमचं झालंय का कधी असं? मग तुम्ही काय केलंत?