निम्म्या शेडचं चूर्ण

मेहुण्याच्या पोल्ट्रीत तो कोंबड्यांचं खाद्य मिसळायचा, आणि तिथे सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. म्हणणाऱ्यांच्या मनात आदर नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. ब्रॉयलरच्या खाद्यात घालायची मिथिओनिनची पांढरी पावडर कारखान्यातून येई. ती कमी पडली की पिल्लं खुरटतात, पिसंही धड फुटत नाहीत. वैद्यबुवाने मनावर घेतलं, की हेच काम आपलं पाल्यामुळ्यांचं चूर्ण करेल. पिसांची हमी देणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र एक केस नव्हता. हा विनोद लोकांनी करण्याआधी तोच उरकून टाकी.

याआधी त्याने माश्या पळवणारा धूर शोधला होता, तेव्हा माश्या राहिल्या आणि माणसं पळाली. म्हणून मेहुण्याने या वेळी निर्वाणीचं सांगितलं, "भाऊजी, निम्मी शेड तुमची. वजन बरोबरीत आलं तर सगळीकडे तुमचं चूर्ण. नाही आलं, तर यापुढे गोणीवर छापलंय तेवढंच मिसळायचं." वैद्यबुवाला जन्मात एकदा तरी बरोबर ठरायचं होतं.

वजनाच्या दिवशी काटा दोन्हीकडे सारखाच थांबला. मेहुण्याने मिठी मारली आणि पांढरी पावडर बंद करायचा हुकूम सोडला. वैद्यबुवा घरी आला तो तरंगतच. शेडमध्ये दाणापाणी बघणाऱ्या त्याच्या बायकोने मात्र त्याला दारातच अडवलं.

"अहो, पावडर बंद करू नका," ती म्हणाली. "तुमच्या भागातही मी टाकत होते. उघडीबोडकी पिल्लं बघवेनात."

त्याचा चेहरा उतरला. "कीव पिल्लांची आली की माझी?"

"पिल्लांची. तुमची सवय झालीय."

त्याला हसू आलं आणि रडूही. लाज तर इतकी वाटली, की फोनकडे गेलेला हात मागे आला. पण नवी पिल्लं उद्याच येणार होती. झक मारत त्याने फोन उचलला आणि मध्येच थबकला.

"किती टाकत होतीस?"

"बाकीच्यांच्या निम्मी. सगळी टाकली असती तर तुमच्या चूर्णाचा अपमान झाला असता."

म्हणजे निम्मी पावडर, वर चूर्ण, आणि तरी वजन पुरं! वैद्यबुवाने मेहुण्याला काही न लपवता सगळं सांगितलं.

"पावडर निम्म्यावर आली की हो!" मेहुणा म्हणाला. "पण ही युक्ती कोणाची म्हणायची, भाऊजी?"

"तुझ्या ताईची," वैद्यबुवा म्हणाला आणि मोठ्याने हसत सुटला. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी जमलं होतं, आणि तेही बायकोचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता म्हणून.