उदगीरला जाऊन घेतलेली लस

बीदरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन फिल्मा उजेडाच्या काचेवर शेजारीशेजारी लावल्या. एक माझ्या छातीची, एक अक्काची. या तपासणीला एचआरसीटी म्हणतात. फुप्फुसाचे पातळ काप केल्यासारखे फोटो निघतात आणि सूज कुठं किती आहे ते कळतं. चांगला भाग काळा दिसतो, आजारी भाग पांढुरका. माझ्या फोटोत खालच्या कोपऱ्यात थोडं पांढरं होतं. अक्काच्या फोटोत काळं शोधावं लागत होतं.

बाई कलबुर्गीच्या, बोलणं सगळं कानडीत. त्या म्हणाल्या, "दोघांनाही कोविड न्यूमोनिया आहे. तुमचा हलका आहे. यांचा खूप पुढं गेलाय." मग कागद भरायला घेतला. वय, साखर, रक्तदाब आणि शेवटी, लस घेतली आहे का?

उत्तर शीलानं दिलं. शीला माझी भाची, अक्काची मुलगी, आमच्या कमलनगरात आशा कार्यकर्ती आहे. "दोघांनीही नाही घेतली," असं सांगताना तिनं मान खाली घातली. दारोदार फिरून लोकांना लसीसाठी बाहेर काढणं हेच तिचं काम, आणि तिच्या घरचीच ही दोन म्हातारी बिनलसीची.

मी तिचं बोलणं दुरुस्त केलं नाही. मी लस घेतलेली होती. दोन्ही डोस. दुसऱ्या डोसला महिना झाला होता. उदगीरला जाऊन घेतली होती, कुणाला न सांगता.

आजारपणाबद्दल लिहिणारी माणसं आपण किती सोसलं ते सांगतात. माझ्याकडं तसं सांगण्यासारखं थोडंच आहे. हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या शब्दाला घरात नको तेवढी किंमत असते.

मी वीज खात्यात मीटरवर होतो. तीस वर्षं औरादपासून जनवाड्यापर्यंत घराघरांत जाऊन आकडे लिहिले. कानडी, उर्दू, मराठी तिन्ही वाचता येतात, त्यामुळं लोक कागद घेऊन माझ्याकडं यायचे. बिल असो, नोटीस असो की गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर असो, माणिकरावांना विचारा. निवृत्त झाल्यावर विहारासमोरचा कट्टा हीच माझी कचेरी झाली. बायको गेल्यापासून जेवण अक्काकडं. मधली एक भिंत सोडली तर आमची घरं एकच.

टाळेबंदी लागली तेव्हा माझी जीभ खरी सुटली. आमच्यापासून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. इकडं दुकानं बंद असली की तिकडं उघडी, तिकडं बंद असली की इकडं उघडी, आणि मध्ये चेकपोस्ट. मी कट्ट्यावर म्हणायचो, हा रोग मोठा शहाणा आहे, कागद बघून हद्द ओलांडतो. लोक हसायचे. हसले की मला चेव यायचा. रोजंदारीवाल्यांचे हाल बघून मला राग येत होता, तो खोटा नव्हता. पण टाळेबंदीवर टीका करता करता मी लसीवर कधी घसरलो ते माझं मलाच कळलं नाही. इतक्या घाईत लस निघते कशी, असं विचारू लागलो. आपण कुणी सांगितलं म्हणून मानत नाही, पारखून घेतो, हे विहारात बोलायचं वाक्य मी तिथंही वापरलं. पारखलं मात्र काहीच नव्हतं. मोबाइलवर आलेलं वाचून दाखवत होतो, एवढंच.

लसीच्या जागी द्यायला माझ्याकडं काढा होता. अडुळसा, गुळवेल, मिरी, सुंठ, हळद. हाही मोबाइलवरूनच आलेला. मी तो पातेलंभर उकळून गल्लीत वाटायचो. सोबत कापराची पुरचुंडी, हुंगायला. त्यानं कुणाला अपाय झाला नसेल, पण काढा घेतला म्हणजे आपलं काम झालं असं लोकांना वाटायला लागलं.

शीला तेव्हा रोज येऊन विनवायची. "मामा, तुम्ही एक बार घ्या. तुम्ही घेतलाव की आई लगेच घेती, आईच्या मागं सारी गल्ली येती." अक्काचंही हेच म्हणणं होतं. कुणीही विचारलं तर सांगायची, माणिक घेऊ दे की, मग मी बी घेते. शीलाला लोक तोंडावर म्हणायचे की आधी तुझ्या आईला घेऊन ये. ती संध्याकाळी हिरमुसून घरी यायची. मी भाकरी खात तिच्याकडं बघायचो आणि खालमानेनं कालवण ओढायचो.

मग उदगीरचा माझा एक जुना ओळखीचा गेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अंगानं धडधाकट. आठ दिवसांत संपला. मी घाबरलो. मला पंधरा वर्षांची साखर.

कमलनगरात घेतली असती तर शीलालाच कळलं असतं, आणि मग कट्ट्यावर काय तोंड दाखवणार? म्हणून डोळे तपासायचं सांगून मी उदगीरला गेलो. चेकपोस्ट चुकवायला शेतातली वाट धरली. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. नर्सनं विचारलं, गावात मिळत नाही का? मी म्हणालो, गर्दी फार. पाच आठवड्यांनी पुन्हा तसाच गेलो. पहिल्या खेपेला ताप आला तर अक्कानं ऊन लागलं म्हणून रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या.

तिला का सांगितलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. अक्काच्या पोटात काही राहत नाही. तिला सांगितलं की तासाभरात गल्लीला कळणार. आठ दिवसांनी सांगू, काहीतरी निमित्त काढून तिलाही उदगीरला नेऊ, असं मनाशी म्हणत राहिलो. आठ दिवसांचे दोन महिने झाले आणि मी रोज तिच्या हातचं जेवत राहिलो.

आजार घरात आणला तोही मीच. आधी मला ताप, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली. तशात मी जेवायला अक्काकडं जात होतो. दोन दिवसांनी ती खोकायला लागली. शीला म्हणाली तपासू, मी म्हणालो, काढा आणि वाफ चालू आहे, चार दिवस थांब. अक्का माझ्याच बाजूची. चौथ्या दिवशी शीलानं कुणाचं न ऐकता ऑक्सिमीटर आणला. बोटाला लावायचा छोटा चिमटा असतो तो, रक्तात प्राणवायू किती आहे ते दाखवतो. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की घरी बसायचं नसतं. माझा आकडा त्र्याण्णव आला. अक्काचा ब्याऐंशी, आणि ती पायरीवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. प्राणवायू इतका कमी होऊनही माणसाला धाप जाणवत नाही, हे या आजारात होतं. दम लागत नाही म्हणून ठीक आहे असं समजू नका. आम्हाला जीपनं बीदरला आणलं.

वॉर्डात आमच्या खाटा समोरासमोर होत्या. मला नाकात साधी नळी. अक्काला हाय फ्लो ऑक्सिजन, म्हणजे यंत्रातून जोरात सोडलेली गरम, ओलसर हवा. त्याचा आवाज दिवसरात्र चालू. डी-डायमर नावाची रक्ततपासणी एक दिवसाआड व्हायची, रक्तात गुठळ्या होतायत का ते बघायला. अक्काचा रिपोर्ट आला की बाई आधी माझ्याकडं एक नजर टाकायच्या आणि मग तिच्याकडं वळायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमचं वय साठीच्या वर, साखर इतकी, लस नाही. तरी तुम्ही इतके बरे कसे?" आणि खरंच उत्तर हवं असल्यासारख्या थांबल्या.

मी म्हणालो, नशीब.

आठव्या दिवशी माझी नळी निघाली. त्याच दुपारी आमच्या गल्लीतल्या किसनचा फोन आला. साखर असून मी तरलो याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटत होतं. काढ्यात नेमकं काय काय घालता, किती उकळता, आईला चालू करतो, असं तो म्हणाला. मग अडखळत विचारलं, पण अक्काही तोच काढा घेत होत्या ना? आणि मी म्हणालो, तिनं उशिरा सुरू केला.

हे वाक्य मी शुद्धीवर असताना, ताप नसताना, समोरच्या खाटेवर माझी बहीण हवेसाठी धडपडत असताना बोललो. वर त्याला सुंठीचं प्रमाणही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शीलाचा फोन आला. आम्हाला दाखल केल्यापासून ती दिवसभर दवाखान्याच्या आवारात बसून असायची, आत यायला बंदी होती. तिला गावाकडून कळलं होतं की किसननं म्हाताऱ्या आईला लसीच्या रांगेतून परत घरी नेलं, आणि त्याच्यामागं आणखी चार घरं परतली. तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "मामा, तुम्ही बरे झालाव ते चांगलंच झालं. पर लोकं काढ्यानं झालाव म्हणायलेत. मी आता काय सांगू त्यांना?"

मी फोन ठेवला आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, भिंतीकडं तोंड करून.

अकराव्या दिवशी अक्काचं यंत्र काढून साधा मास्क लावला. थोडं बोलता यायला लागलं तशी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होती, माझा भाऊ काढा करतो, तेवढा घे. मी उठलो, तिच्या खाटेवर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. उदगीर, शेतातली वाट, दोन्ही डोस, तो ताप, सगळं.

अक्काच्या बोटाला चिमटा लावलेला होता, त्याचा आकडा खाली जाईल या भीतीनं मी तिकडंच बघत होतो.

"मला कामून सांगितलास न्हाई?" तिनं विचारलं.

"तू सगळ्याला सांगितली असतीस म्हणून."

"सांगितलं असतं की. साऱ्या गल्लीला सांगितलं असतं." दम खाऊन ती पुढं म्हणाली, "मंग?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं मान वळवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी डॉक्टरबाईंनाही सांगितलं. त्यांनी कागदावरचं 'नाही' खोडून 'दोन डोस' लिहिलं आणि म्हणाल्या, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, आम्ही तुमच्या तब्येतीचा उगाच वेगळा विचार करत बसलो. मी विचारलं, अक्कानं घेतली असती तर ती अशी झाली नसती का? त्या म्हणाल्या, "एका माणसाबद्दल मी तसं छातीठोक सांगणार नाही. लस घेऊनही आजार होतो, तुम्हाला झालाच. पण तो इतका वाढण्याची शक्यता खूप कमी होते. यांना ती संधी मिळाली नाही, एवढं मात्र सांगते." पारखून बोलणं म्हणजे काय, ते मी त्या वॉर्डात ऐकलं.

किसनला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. शीलाला सांगताना मी शब्द जुळवत होतो. ती म्हणाली, आईनं सांगितलंय मला, आणि माझ्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या.

सतरा दिवसांनी आम्ही घरी आलो. अक्काच्या फुप्फुसांत फायब्रोसिस राहिलंय, म्हणजे सूज गेली पण तिथं व्रण धरले, ती जागा आता ताणली जात नाही. विहाराच्या चार पायऱ्या चढायला ती दोनदा थांबते. मी अजून तिच्याकडंच जेवतो, तिनंच ये म्हटलं म्हणून. पण पूर्वी गोळीचं पाकीट हातात घेऊन ती माझ्याकडं यायची, आता शीलाची वाट बघत बसते. मी समोर असतो, चष्मा डोळ्यावर असतो, तरी ती विचारत नाही. तिचं काही चुकत नाही.

पाऊसकाळ सरता सरता विहारात लसीचं शिबिर लागलं. मी शीलाला म्हणालो, मी दारात उभा राहतो, येईल त्याला माझी गोष्ट सांगतो. ती हो म्हणाली. सकाळपासून मी सांगत होतो. कुणी ऐकून पुढं जायचं, कुणी न ऐकताच. एका बाईनं माझ्याकडं बघून तोंडावर पदर घेतला.

अकराच्या सुमारास किसन आईला हाताला धरून आला. मी बोलायला सुरुवात केली तर त्यानं मला थांबवलं. "तवा तुमचं ऐकून रांगेतनं परत नेलो. आता तुमचं ऐकूनच टोचून घ्यायचं व्हय?"

मागची माणसं थबकली. आतून शीला नावं लिहायचे कागद तसेच हातात घेऊन दारात आली आणि मला जरा बाजूला सारून उभी राहिली.

"मामाचं नका ऐकू," ती म्हणाली. "माझं ऐका. मी पयल्यापासून हेच सांगायलेय."

किसननं तिच्याकडं बघितलं, मग आईला घेऊन आत गेला. मागची माणसंही हलली. शीलानं हातातले कोरे कागद आणि पेन माझ्याकडं दिलं. मी बाहेर भिंतीशी बसलो आणि येईल त्याचं नाव, वय, गाव लिहून द्यायला लागलो, विचारलं तेवढंच बोलत.