वांगी चिरण्याचा अधिकार

माझ्या धाकट्या भावाला वरच्या न्यायालयाने खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडले आणि तेव्हापासून गाव त्याला खुनी समजून मान देऊ लागले. या वाक्यात वाचकाला विसंगती जाणवेल. ती माझी नाही, गावाची आहे.

प्रकरण थोडक्यात असे. कळंबपासून फार लांब नसलेल्या आमच्या गावी नाल्याकाठी एका माणसाचा खून झाला. गावातल्याच एकाने शपथेवर सांगितले, की माझा भाऊ विळा घेऊन तुरीतून पळताना त्याने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिला. खालच्या न्यायालयाने ते मानले आणि जन्मठेप दिली. डोक्याच्या वर गेलेल्या त्या तुरीतून हत्ती पळाला असता तरी धुऱ्यावरून दिसला नसता, हे वरच्या न्यायालयाच्या ध्यानात येईपर्यंत आमची आई वारली होती, भावाची बायको दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होती आणि मुलीने शाळेत वडिलांचे नाव सांगणे सोडले होते. मी अर्जांवर अर्ज लिहीत होतो. गाव मला वकीलसाहेब म्हणते. मी वकील नाही, हेही मी ग्रामपंचायतीला लेखी कळवले आहे.

भाऊ परतला आणि चमत्कार सुरू झाले. किराणावाला न सांगता माप झुकते देऊ लागला. आमच्या वावरात वर्षानुवर्षे धुरा सरकवणाऱ्या शेजाऱ्याने तो गुपचूप मागे नेण्यास आरंभ केला. या अपमानाविरुद्ध मी सरपंचांना खरमरीत पत्र लिहायला बसलो, तर भावजय चहा ठेवत म्हणाली, "भाऊजी, अर्ज जरा थांबून द्या. धुरा अजून पुरा सरकला नाही."

भावाला मात्र धुऱ्याशी कर्तव्य नव्हते. त्याला वांगी चिरायची होती.

हनुमान मंदिराच्या महाप्रसादाच्या आदल्या दुपारी आमच्याकडचे पुरुष ताडपत्रीवर गोल बसून भाजीची वांगी चिरतात आणि चिरता चिरता साऱ्या गावाची निंदा करतात. त्या गोलात ज्याला जागा, तो गावचा. भाऊ पूर्वी तिथे हटकून असे. यंदा आम्ही दोघे गेलो, तेव्हा सगळे चाकू थांबले.

"या भाऊ! खुर्ची आणा रे भाऊले! तुमाले कायले तरास? तुम्ही चहा घ्या जी."

ज्यांनी त्याला जन्मभर 'अबे'खेरीज हाक मारली नाही, ते 'जी' म्हणत होते. भाऊ खुर्चीत अवघडून बसला. मी पिशवीतून निकालाची प्रत काढली आणि निर्दोष मुक्ततेचा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचला.

"कागद बरोबर हाये, वकीलसाहेब," वांग्यांचा कारभार पाहणारे म्हातारे म्हणाले. "पण चाकू धारदार हाये."

माझा संयम सुटला, कारण समोरच तो साक्षीदार बसला होता आणि सर्वांत लांब चाकू त्याच्याच हातात होता. "न्यायालयाने ज्याला खोटा ठरवले त्याच्या हाती चाकू, आणि निर्दोष ठरवले तो खुर्चीवर! हा कोणता न्याय?"

"न्याय नाही जी, भाजी हाये," कोणीतरी पुटपुटले.

भाऊ उठला. त्याने खुर्ची मिटून भिंतीला लावली, गोलात मांडी घातली, म्हाताऱ्यांजवळचा चाकू उचलला आणि सवयीने त्याची धार अंगठ्यावर पाहिली. एकाला लगेच म्हैस आठवली, दुसऱ्याला पंप. तिसऱ्याला काहीच आठवले नाही, तरी तो उठला. साक्षीदार चप्पल शोधू लागला.

"बस बे," भाऊ त्याला म्हणाला. "एवढे वांगे मी एकटाच चिरू काय?"

साक्षीदार बसला. म्हाताऱ्यांनी दोघांच्या मधोमध वांग्यांची टोपली ओतली. दोघांच्या फोडी एकाच पाण्यात पडू लागल्या. मग भावाने पाण्यातून साक्षीदाराची एक फोड उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

"किडकं हाये हे. डोळे फुटले काय तुहे?"

म्हातारे असे हसले की त्यांना ठसका लागला. साक्षीदाराने मान खाली घालून ती फोड फेकली आणि पुढचे वांगे नीट उकलून पाहिले. हसण्याचा आवाज ऐकून म्हैसवाला परत आला. गोलात आता जागा उरली नव्हती. त्याने भावाला गुडघ्याने ढोसले.

"सरक बे तिकडं. आख्खी ताडपत्री घेऊन बसला."

भाऊ सरकला.