पुंडलिकच्या दारातला ट्रक

"मास्तर, तुमचो शेजारी हांगा मोरीर बसलो, तो उठना…" वजनकाट्याजवळच्या चहावाल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी सोप्यावर पेपर वाचत होतो. मी पोचलो तोवर पुंडलिक रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या जागीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच नाजूक होतं, चालण्याशी याचा काही संबंध नाही. मला ते पटवून घ्यायचं आहे. सव्वा महिना झाला, अजून जमलेलं नाही.

डिचोलीतल्या आमच्या कॉलनीत आम्ही वीस वर्षं समोरासमोर राहिलो. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, तो खाणीवर स्वतःचा ट्रक चालवणारा. खाण चालू होती तोवर भुवयांवर लाल धूळ घेऊन दिवेलागणीला परतायचा आणि आंघोळीआधी मला हाक मारायचा. मग खाण बंद पडली, आणि ट्रक त्याच्या दारात उभा राहिला तो राहिलाच. रोज सकाळी तो ट्रक पुसायचा आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. त्या घरघरीत मला पेपर वाचवेना, म्हणून मी टोमणे मारायचो. "खाण फाल्यां सुरू जाली तर? गाडी तयार आसूक जाय," एवढंच तो म्हणायचा. वर्षं गेली, पण त्याचा तो उद्या काही संपला नाही.

पुढे घरोघरी गाड्या वाढल्या. चतुर्थीला तर पाहुण्यांच्या गाड्यांतून स्कूटरही निघेना. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा नियमांचा मसुदा मीच केला, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा आली. वर्ग संपले तरी शिस्त लावायची खोड जात नाही. प्रत्येक घराला आपल्या दारात एक गाडी. पाहुण्यांची गाडी संध्याकाळी सातपर्यंत रस्त्यावर, नंतर फाटकाबाहेरच्या मैदानात. अवजड वाहन आत नाही. हा शेवटचा नियम पहिल्या मसुद्यात नव्हता. दोन-तीन नव्या रहिवाशांनी लकडा लावला आणि मी तो लिहिला. पुंडलिकला आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं… धीर झाला नाही. सभेत त्याने चष्मा लावून कागद सावकाश वाचला आणि विचारलं, "मास्तर, म्हजो ट्रक रहिवासी काय पाहुणो?" लोक हसले. मीही हसलो आणि म्हटलं, "तो अवजड." मतदान झालं तेव्हा त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. नियमाच्या बाजूने. बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का केलंस? तर म्हणाला, "तुमी बरयलां न्हय? मागीर चुकीचें कशें आसतलें?" माझ्या लिहिण्यावर इतका विश्वास माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी ठेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने ट्रक बंद पडलेल्या वजनकाट्याजवळच्या माळावर नेऊन लावला. अर्ध्या तासाची वाट. तेव्हापासून दोन वर्षं रोज सकाळी तो चालत जायचा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि चालत परत यायचा. जाताना मला विचारायचा, "येतात काय मास्तर?" माझा पेपर वाचून व्हायचा असायचा. मी एकदाही गेलो नाही. उलट त्याच्या दारातली जागा रिकामी झाली म्हणून वास्कोहून माझी मुलगी आली की तोच पुढे होऊन सांगायचा, "हांगा लाव गो बाय." आणि ती लावायची. आम्हाला ते सोयीचं होतं, याची आता लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोने, शालनवैनींनी, ट्रक विकला. बेळगावकडचा माणूस न्यायला आला. मी त्याच्याबरोबर माळावर गेलो, पहिल्यांदाच. किल्ली फिरवताच इंजिन चालू झालं. तो माणूस खूश झाला. मी त्याला म्हटलं, जाण्याआधी एकदा आमच्या कॉलनीतून चल. आत शिरताना मीच पुढे चालत हाताने वाट दाखवत होतो. लोक गॅलऱ्यांत येऊन बघत होते. ट्रक पुंडलिकच्या दारात उभा राहिला. वैनी बाहेर आल्या, पत्र्यावर हात फिरवला आणि विचारलं, "कितलो वेळ रावतलो?"

"सातांमेरेन, वैनी. पाहुण्यांक सातांमेरेन चलता." बोलून गेलो आणि तिथेच थांबलो. पुंडलिकने सभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आता, त्याच्या बायकोला देत होतो.

त्यांना वर चढायचं होतं. मी कोपर धरलं. वैनी बाजूच्या सीटवर बसल्या आणि मला स्टिअरिंगमागे बसायला सांगितलं. सीटला मधोमध खोल खळगा पडला होता, मी त्यात मावलो नाही, कडेवर टेकलो. "वैनी, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. "हें तांका सांगूंक जाय आसलें, मास्तर," त्या म्हणाल्या. त्याला सांगायला हवं होतं, हे मलाही ठाऊक होतं. मग खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, अजून दहा मिनिटं थांब. आणि मला म्हणाल्या, "चालू करा."

मी किल्ली फिरवली.