गिरणीचा आवाज येत नाही

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. भवानीनगरला साखर कारखान्याच्या रस्त्यावर आमची पिठाची गिरणी आहे, ती त्यांनी तीस वर्षं चालवली. सासरे लवकर गेले. त्यानंतर पट्टा बदलण्यापासून दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं एकटीनं केलं. टाकी लावणं म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करणं. हे बायकांचं काम नाही असं ज्यांनी ज्यांनी त्यांना ऐकवलं, त्यांच्या घरची दळणं पुढं त्यांच्याकडेच येत राहिली.

मग आत्यांना दम लागायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "आजी, तुमच्या छातीत पीठ बसलंय. आता गिरणीत पाऊल ठेवायचं नाही." आमच्या राहत्या दोन खोल्या गिरणीच्याच पाठीला, मधली भिंत एकच. भांड्यांवर, देवांवर, अंथरुणावर सगळीकडे पिठाचा थर. म्हणजे गिरणीत नाही तर घरातही नाही. आत्या वरकुट्याला माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या. चार महिन्यांसाठी गेल्या होत्या, त्याला आता दोन वर्षं होत आली.

तिकडं गेल्यापासून रोज अकराला त्यांचा फोन यायचा. अकरा म्हणजे माझी ऐन गर्दीची वेळ. फोन कानाला लावला की मी काही बोलायच्या आत त्या बोलायच्या. "बाजरी पडलीय व्हय?"

"व्हय, आत्या."

"दगड लई जवळ घेतलास. पीठ करपंल. जरा ढिला कर."

आणि फोन बंद. चाळीस किलोमीटरवर बसून, फोनमधून नुसता आवाज ऐकून त्यांना कळायचं की वर काय पडलंय, पट्टा घसरतोय की काय, टाकी लावायला झाली की नाही. कशी आहेस, पोरं कशी आहेत, असलं काही नाही. मला राग यायचा. सासू घरातून गेली पण तिचा कान इथंच ठेवून गेली, असं मी शेजारणीला म्हणायची. शेजारीण हसायची आणि म्हणायची, "तुझं बरं हाय की, माझी तर पुरी हितंच हाय."

फोनचा त्रास मात्र खरा होता. गिरणीत फोनवर बोलणं म्हणजे नुसती आरडाओरड. एका हातानं धान्य सोडायचं, दुसऱ्या हातानं खालचा डबा सरकवायचा, फोन मान वाकडी करून खांद्यात दाबायचा. बाहेर जाऊन बोलावं तर वरचं धान्य संपतं आणि दगडावर दगड घासून जळका वास सुटतो. शिवाय बाहेर तरी कुठं शांतता? हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून दारावरून जात असतात. एकदा तर आमचा जुना बटणांचा फोन खांद्यावरून निसटून थेट एका गिऱ्हाइकाच्या गव्हाच्या पिठात पडला. काढला, झटकला, चालला. तसा तो तीनदा पडला. चौथ्यांदा चालला नाही.

मग आमच्या ह्यांनी मला साधासा टचफोन घेतला आणि बारामतीहून ब्लूटूथ आणला. कानात खुपसायचा नाही, डोक्यावरून पट्टी जाणारा, एका कानावर गादी आणि तोंडासमोर काडी. ट्रकवाले लावतात तसला. हे कारखान्यात ऊस पिळणाऱ्या मिलवर काम करतात, त्यामुळे आवाज म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको. दुकानदारानं म्हणे भर चौकात, गाड्यांचे हॉर्न चालू असताना, ह्यांना बोलून दाखवलं. समोरच्याला फक्त आपलाच आवाज जातो, बाकीचं सगळं हा ब्लूटूथ गाळून टाकतो.

आणि तसंच झालं! दोन्ही हात मोकळे, गिरणी दणादण चालू, आणि मी साध्या आवाजात बोलतेय. गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, दळण कधी न्यायचं ते मी जागेवरून सांगू लागले. बायका म्हणायच्या, "काय साहेबीण झालीस गं." मी पण मान जरा ताठच ठेवत होते.

त्या दिवशी अकराला आत्यांचा फोन आला. मी ऐटीत म्हटलं, "बोला आत्या."

पलीकडं काहीच नाही. मग म्हणाल्या, "गिरणी बंद हाय का?"

"न्हाय आत्या, चालू हाय. ज्वारी पडतीय."

"मला आवाज येत न्हाय."

मी सगळं समजावून सांगितलं. नवीन यंत्र आणलंय, ते आवाज गाळतं. त्या ऐकून घेत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. दगड जवळ घेतला काय नि लांब ठेवला काय, आता कुणी बोलणार नव्हतं. पंधरा दिवस मी त्या शांततेत मजेत काढले. त्यांचे फोन आखूड होत गेले, मग एक दिवसाआड आले, मग थांबलेच. तेही माझ्या उशिरानंच लक्षात आलं.

एका सकाळी वन्संचा फोन आला. "वहिनी, आईचं जेवणावरनं मन उडालंय. भाकरी मोडती आन् तशीच ठिवती. आल्यागेल्याला सांगती, आमची गिरणी गेली म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी गिरणीचा गाळा भाड्यानं दिला का कुणाला? दिला आसंल तर सांगा. मलाबी आवाज येत न्हाय हो."

मी डोक्यावरून ते यंत्र काढलं आणि खालीच बसले. कारण गाळ्याचं बोलणं झालं होतं. दिवाळीत वरकुट्याला गेलो तेव्हा हे सहज बोलले होते, की मोबाइलच्या दुकानाला गाळा भाड्यानं दिला तर हिची पण पिठातनं सुटका होईल. बोलले आणि विसरले. आत्या तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांच्या माघारी, त्यांना न सांगता, आम्ही त्यांची गिरणी मोडली, हे डोक्यात घेऊन ती बाई दिवस काढत होती. हे त्यांच्या डोक्यातून काढायचं, मला एवढंच हवं होतं. त्यात काय अवघड, असं मला वाटलं.

त्याच दिवशी ब्लूटूथ बाजूला ठेवून मी टचफोन थेट गिरणीपाशी धरला. पलीकडं म्हणे काहीतरी खर्र व्हायचं आणि तुटायचं. हे नवे फोनसुद्धा आवाज दाबतात, हे मला नंतर कळलं. आत्या म्हणाल्या, "ही रेकॉर्ड हाय. आपली गिरणी आशी तुटत तुटत वाजत न्हाय."

मग मी दळणाला आलेल्या शेजारणीला फोनवर दिलं. ती घसा ताणून म्हणाली, "आत्या, देवाशपथ चालू हाय, माझं गहू पडत्यात!" आत्यांनी तिच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि मला म्हणाल्या, "तिला कशाला खोटं बोलाय लावतीस?"

व्हिडिओ करून दाखवला. वन्संनी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "मोबाइलवर काय, मेलेलं मानूस बी नाचताना दिसतंय," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

ह्यांनी सांगितलं, मुलांनी सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितकं त्यांचं पक्कं होत गेलं, की काहीतरी लपवायचंय म्हणून सगळं घर कामाला लागलंय. शेवटी मी एक दिवस गिरणीला कुलूप लावलं आणि एसटीनं वरकुट्याला गेले. समोर बसून, हात हातात घेऊन सांगितलं की माणूस विश्वास ठेवतं, असं आपलं मला वाटलं. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मनगटं बारीक झाली होती. मला बघून म्हणाल्या, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"भर मंगळवारी तू हितं. मग गिरणी कोण चालवतंय?"

तीस वर्षांत ही बाई चालू दिवसाची गिरणी सोडून कुठं गेली नव्हती. बहिणीच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकायला गेली आणि उलट पावली परत आली. मी तिथं जाऊन बसले हाच पुरावा झाला. येताना गाडीत मला रडू आलं, आणि रागही आला. खोटं बोलून माणूस पकडला जातो, इथं खरं बोलून मी पकडली गेले होते.

पुढच्या आठवड्यात वन्संचा पुन्हा फोन. आता चहाशिवाय काही घेत नाहीत. ह्यांची दुसरी पाळी होती, त्यांनी त्या दिवशी रजा टाकली. म्हणाले, चल, गाडीवर जाऊ. निघायच्या घाईत, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी एक डबा बाजरी दळली. गरम पीठ कधी झाकायचं नाही, घाम धरतं आणि गुठळ्या होतात, हे आत्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण उघडा डबा गाडीवर कसा धरणार? मी गच्च झाकण लावलं, रस्त्यात पीठ सांडू नये म्हणून वरून गोधडी गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसले.

वरकुट्याला पोचलो तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्याकडं नुसतं बघितलं. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला. "ह्ये आसं झाकून आणलंय कुणी?"

मी धावत बाहेर आले. त्यांनी गोधडी सोडली होती, झाकण काढलं होतं. झाकणाला आतून घामाचे थेंब होते. मी म्हणणार होते, चुकले आत्या. पण मी बोलायच्या आत त्यांनी हात पिठात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आणि हात तिथंच ठेवला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी चिमूट काढली, अंगठ्यानं चोळली. "दगड आता लई लांब धरतीस तू. जाडं पडतंय." त्यांच्या तोंडावर हसू आलं. दीड महिन्यात मी ते पाहिलं नव्हतं. "म्हंजी चालू हाय."

"चालू हाय, आत्या," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं. हे रुमालानं डोळे पुसत होते.

तेवढ्यात आत्यांना खोकला आला. पीठ उडालं होतं. चांगला बराच वेळ खोकला चालला, वन्संनी पाठ चोळली, पाणी दिलं आणि डबा उचलून लांब ठेवला. दम खाली बसला तशा आत्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला वाटलं, गिरणी गेली म्हणून मला हितं ठिवलंय. तितं काय कामच न्हाय तर काय करायचं जाऊन, आसं म्या मनाला सांगितलं हुतं."

"आत्या..."

"चालू हाय तर मग मी हितं कशाला?"

डॉक्टर, छातीचा फोटो, पीठ, एक भिंत. सगळं त्यांना ठाऊक होतं आणि मलाही पाठ होतं. दीड महिना मी त्यांच्या एकेका शंकेला उत्तर शोधत होते. ह्या एका प्रश्नाला मला तोंड उघडता आलं नाही. उत्तर नव्हतं असं नाही. ते मघाशी त्यांच्याच छातीतून आलं होतं, पण त्यांच्या तोंडावर ते बोलायचं कसं? माझ्या मनात दुसरंही एक होतं, त्या पंधरा दिवसांच्या शांततेचं. ते तर मी कुणालाच सांगू शकत नव्हते.

ह्यांनी मान खाली घातली होती. आत्यांनी आमची वाट बघितली नाही. भिंतीला धरून उठल्या. "थांबा जरा. पिशवी भरती. दोन लुगडी घ्याची, बाकी काय हाय माझं?" आणि आत गेल्या. आत पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला.

वन्सं माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमी निघा. ती भाईर यायच्या आत. मी बघती."

ह्यांनी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, मगच चालू केली.